धावजी नायकाच्या तांड्याचा देवसिंग

दारव्ह्याला फुलचंदशेठचं कापसाचं जिन होतं आणि त्या जिनात देवसिंग राठोड फिटर होता. हंगाम लागला की स्टेशनापासून जिनाच्या फाटकापर्यंत कापसाच्या बैलबंड्या उभ्या राहायच्या. भोंगा झाला की कापसातली सरकी काढणारे रेचे सुरू, आणि मग दिवसरात्र एकच घरघर. एखादा रेचा अडला की हमालापासून मुनिमापर्यंत सगळे देवसिंगच्या नावानं हाका मारायचे. त्यानं सुरुवात हमालीनं केली होती. गाठी वाहता वाहता तो यंत्रांना तेल घालायला लागला, मग जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली पाने-पकडी उचलायला लागला, आणि मिस्त्री थकून गावी गेला तेव्हा शेठनं त्याची जागा देवसिंगला दिली.

एकोणीसशे एकोणसाठची दिवाळी झाली आणि फुलचंदशेठचे मेव्हणे घनश्यामभाई भाचीच्या लग्नाला आले. ते राहायचे आफ्रिकेत, युगांडा नावाच्या देशात. तिथेही कापूस पिकतो, आणि तिथे त्यांचं स्वतःचं जिन होतं. लग्नघरात त्यांचं मन लागेना. सकाळचा चहा झाला की ते जिनात येऊन उभे राहायचे. कोणाशी बोलायचे नाहीत, नुसतं पाहायचे. देवसिंगला वाटलं, शेठनं आपल्यावर नजर ठेवायला माणूस बसवला.

लग्न आटोपल्यावर एका दुपारी त्यांनी देवसिंगला एक रेचा पूर्ण खोलून पुन्हा जोडायला सांगितलं. देवसिंगनं पट्टा उतरवला, रोलर काढला, पातं काढलं, सगळं फडक्यावर मांडलं, पुसलं आणि परत बसवलं. घनश्यामभाईंनी स्वतःच्या हातानं चाक फिरवून पाहिलं, मूठभर कापूस टाकला, पुढे आलेली रुई बोटांत ताणून पाहिली आणि त्याला बाहेर लिंबाखाली घेऊन गेले.

त्यांचा सुरतेचा म्हातारा फिटर काम सोडून चालला होता. रेचे तिथेही हेच, याच बनावटीचे. पण तिथलं सरकार बाहेरच्या माणसाला सहज येऊ देत नव्हतं. जे काम करणारा तिथे सापडत नाही, असं कसबी काम येत असेल तरच परमिट मिळायचं. परमिट म्हणजे त्या देशात राहायचा आणि तेच काम करायचा परवाना. चार वर्षांचा. आणखी एक अट अशी की तिथल्या तरुणांना हे काम शिकवायचं. जाण्यायेण्याचं भाडं घनश्यामभाई पाहणार होते.

"येशील का?" त्यांनी विचारलं.

देवसिंगनं ताबडतोब हो म्हटलं. नंतर त्याच्या लक्षात आलं की तो देश कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा आपण विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी तो सायकलवर निघाला. त्याचा बंजारा तांडा बोरी अरबच्या पलीकडे, माळाच्या कडेला होता. धावजी नायकाचा तांडा म्हणत त्याला. आठवडाभर देवसिंग दारव्ह्यात खोली करून राहायचा आणि सुटीला घरी यायचा. घरी आई लालीबाई, बायको जमनी आणि धाकटा भाऊ डोंगरसिंग. त्या दिवशी रस्त्यात त्याला दर चढावावर उतरावं लागतं हे आठवलंच नाही. तो सगळे चढ सायकलवर बसूनच चढला.

बातमी ऐकून तांडा त्याच्या अंगणात जमला. धावजी नायकानं पागोटं सावरत सगळी चौकशी केली. तिथं कापसाची पऱ्हाटी कोणाच्या वावरात पिकते? बैल आहेत का? पाणी गोडं का खारं? देवसिंगला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानं सांगितलं, बाकीचं उत्साहाच्या भरात आपल्या मनानं जोडलं. नायकाच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून पार समुद्रापर्यंत खेपा केल्या होत्या. पण समुद्र आला की बैल वळवायचे, असंच तांड्याला माहीत होतं. समुद्राच्या पलीकडे तांड्यातलं कोणी गेलं नव्हतं. म्हाताऱ्यानं देवसिंगच्या पाठीवर हात ठेवला आणि तांड्याच्या संताचं, सेवाभायाचं नाव घेतलं.

जमनी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. माणसं पांगल्यावर तिनं एकच विचारलं.

"बायकोले भेटते का थे परमिट?"

"पयले मले भेटू दे. मंग तुया नावानं मागतो."

"मागजो," ती म्हणाली. "इसरशील तर मी सोता मागायले येईन."

लालीबाई चुलीपुढे काचळीला, म्हणजे चोळीला, आरसे टाचत बसली होती. ती काही बोलली नाही. म्हातारीचं गप्प बसणं घरात नवं नव्हतं, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग कागदांची धावपळ सुरू झाली. शेठनं इतक्या वर्षांच्या कामाचा दाखला इंग्रजीत टाइप करून दिला. फोटो काढायला देवसिंग यवतमाळला गेला, सोबत उकंडा होता. उकंडा जिनातला इंजिन ड्रायव्हर, देवसिंगचा दोस्त. तीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन तो बौद्ध झाला होता, आणि त्या दिवसासाठी शिवलेला पांढरा सदरा त्यानं जपून ठेवला होता. तोच त्यानं देवसिंगला फोटोसाठी दिला. सदरा खांद्यात आखूड होता, म्हणून देवसिंग फोटोत जरा आक्रसून बसलेला दिसतो. उकंडानं त्याला इंग्रजीत सही करायलाही शिकवलं. जेवणाच्या सुटीत दोघं इंजिनाच्या खोलीत बसायचे आणि देवसिंग खडूनं लोखंडी पत्र्यावर आपलं नाव लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा.

पासपोर्टचा अर्ज कलेक्टर कचेरीत गेला. पोलीस घरी येऊन चौकशी करतील, मग पासपोर्ट येईल, असं तिथल्या बाबूंनी सांगितलं. होळीच्या सुमाराला युगांडाहून परमिट आलं. जाड कागद, वर मोहर, मध्ये टाइप केलेलं देवसिंगचं नाव आणि नावापुढे कामाचा प्रकार. शेठच्या मुलानं वाचून दाखवलं. देवसिंगनं ते तांड्यात नेलं तेव्हा लोकांनी हात धुऊन पुसून मगच कागदाला हात लावला. त्यावर एक तारीख होती. जुलै संपायच्या आत त्या देशाच्या हद्दीत पाय ठेवला नाही, तर परमिट रद्द.

जुलै तेव्हा फार लांब वाटत होता.

चैत्र गेला, पासपोर्ट आला नाही. जिनाचा हंगाम संपत आला. देवसिंग दर आठवड्याला टपालवाल्याला गाठायचा. शेवटी वैशाखात एक दिवस रजा टाकून तो यवतमाळला कचेरीत गेला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, कचेरीतल्या बाकांवर अजून त्याच समारंभाच्या गप्पा चालल्या होत्या. बाबूंनी फाइल काढली, वाचली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पोलिसांचा रिपोर्ट आला होता. देवसिंग राठोड या नावाचा कोणी इसम सदर तांड्यात राहत नाही, पूर्वीही राहत नव्हता.

"पण मी तुमच्याच समोर उभा आहो नं साहेब," देवसिंग म्हणाला.

तुम्ही उभे आहात हे मला दिसतंय, असं बाबू म्हणाले. पण ते कागदातही दिसायला हवं. ठाण्यातून नवा जबाब आणा, नाहीतर अर्ज निकाली निघेल.

देवसिंग तिथून थेट दारव्ह्याच्या ठाण्यात गेला. चौकशीला गेलेला शिपाई नागोराव भला माणूस होता. त्यानं सांगितलं ते ऐकून देवसिंगला हसावं की रडावं कळेना. नागोराव भर दुपारी सायकल हाणत तांड्यात गेला होता. आधी नायकाला विचारलं. नायक म्हणाला, या नावाचा माणूस कधी ऐकला नाही. शेजारच्या चंदाबाईला विचारलं. तीही नाही म्हणाली. पुढच्या दारी तेच. ज्या घरात देवसिंग जन्मला, वाढला, त्या घराच्या दारात म्हातारीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, मला एकच मुलगा, डोंगरसिंग, तो वावरात गेलाय. इतक्या लोकांनी एकच सांगितल्यावर मी दुसरं काय लिहू, असं नागोरावनं विचारलं आणि त्याचंही बरोबरच होतं.

संध्याकाळी देवसिंग तांड्यात पोचला तेव्हा धावजी नायक लिंबाखाली बसला होता. त्याला पाहताच म्हातारा खूश होऊन हसला. "पोलीस आलता तुले इचारत. आमी तुले वाचवला."

तांड्याचं हे जुनंच वळण होतं. नायकाच्या बापाच्या काळात आसपासच्या कोणत्याही गावात चोरी झाली की पोलिसांची पहिली पावलं तांड्याकडे वळायची. ज्याचं नाव विचारलं तो माणूस दोरीनं बांधून न्यायचे आणि चार महिने तो दिसायचा नाही. तेव्हापासून लहान मुलांनाही शिकवलेलं होतं, खाकी कपडा दिसला की नाव ऐकलं नाही, माणूस पाहिला नाही. त्या दुपारीही सगळ्यांनी तेच केलं, आणि आपण एक मोठं काम केलं या समाधानात सगळे होते.

पासपोर्टसाठी पोलीस येतील हे तांड्याला सांगायचं आपल्याकडून राहिलं, हे देवसिंगच्या तेव्हा ध्यानात आलं; त्यानं काय झालं ते सांगितलं. ऐकता ऐकता नायकाचं हसू मावळलं. चंदाबाई तोंडावर पदर धरून बसली. जमनी त्या दिवशी दूरच्या वावरात होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती भरलेली घागर डोक्यावरून न उतरवताच उभी राहिली.

देवसिंग म्हणाला, ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागेल. नायकानं आणि आईनं. नायकानं मान खाली घातली. आयुष्यात तो आपल्या पायांनी कधी ठाण्याची पायरी चढला नव्हता. विचार करून सांगतो, असं म्हणून तो उठून गेला.

घरात आल्यावर देवसिंग आईसमोर बसला. तो तिच्यावर रागावला नव्हता. पोलिसाला भिऊन बोललीस, असं तो म्हणाला, त्यात तुझा दोष नाही.

लालीबाईनं सुई खाली ठेवली.

"पयल्यांदा भेऊनच बोलली," ती म्हणाली. "मंग त्यानं पानी मांगतलं. पानी पेता पेता म्हणला, का म्हातारे, तुया पोरगा बोटीत बसून दूर देशाले चालला म्हणे, त्याचंच काम आहे. मले सारं समजलं. तवा बी मी नाईच म्हणलं."

जमनीनं भाकरी थापता थापता हात थांबवले. बाहेर डोंगरसिंग बैलांना चारा टाकत होता, त्याच्या बोलण्याचा आवाज तेवढा येत होता.

 देवसिंगला लहानपण आठवलं. बाप वारल्यावर ही बाई एका हातानं दोघा पोरांना धरून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मग त्याच्या डोळ्यांपुढे परमिटावरचं आपलं नाव आलं.

"याडी," तो म्हणाला, "तू नको जाऊ म्हणशील, तर उद्या शेठले नाई म्हणून सांगतो. मंग पुन्हा हे बोलनं काढत नाई."

तो हे खरंच बोलत होता.  लालीबाईनं सुई पुन्हा उचलली.

सकाळी तो सायकल काढायला अंगणात आला, तेव्हा डोंगरसिंग बंडी जुंपत होता आणि लालीबाई बंडीत बसलेली होती. तिनं सणाला नेसायचा तांबडा फेटिया, घेरदार घागरा, घातला होता, आरशांची नवी काचळी, डोक्यावर घुंगट, हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायांत वाळे. नवरा वारल्यापासून तिनं यातलं काहीच अंगाला लावलं नव्हतं. जमनी तिच्या शेजारी बसली होती आणि गालातल्या गालात हसत होती.

"ठान्यात जाचं नं," लालीबाई म्हणाली. "मंग चाल. ऊन होते."

तांड्यातून बंडी चालली तशी चंदाबाई धावत आली आणि मागे चढली. मग तिची सून. मग कोणीतरी दुसरी बंडी जुंपली. नायकाच्या घरासमोर आल्यावर लालीबाईनं बंडी थांबवायला लावली. ती त्याच्या दाराकडे पाहत राहिली. धावजी नायक काठी घेऊन बाहेर आला, त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि निमूट पुढच्या बंडीत बसला. बोरी अरब ओलांडेपर्यंत बंड्यांची रांग झाली होती. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं लग्नाचं वऱ्हाड आहे. कोणाचं लग्न, असं एकानं विचारलंसुद्धा.

ठाण्यासमोर एवढ्या बंड्या थांबलेल्या पाहून फौजदार घाईनं बाहेर आले. कुठे मारामारी झाली, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. नागोरावनं पुढे होऊन त्यांच्या कानाशी सांगितलं. फौजदारांनी बाहेरच टेबल मांडायला लावलं, कारण आत एवढी माणसं मावणार नव्हती.

देवसिंग कोण, असं त्यांनी विचारलं. सगळा तांडा एकदम बोलायला लागला. त्याचं नाव, त्याच्या बापाचं, आजाचं, तो कोणाचा भाचा, कोणाचा जावई. फौजदारांनी हात वर केला आणि म्हातारीला पुढे बोलावलं.

"तुम्ही तर आमच्या शिपायाला सांगितलं की तुम्हाला एकच मुलगा. आज दोन म्हणता. खरं कोणतं धरू?"

लालीबाईनं घुंगट थोडा मागे सारला.

"तवा मी भेली होती साहेब. एक भेव तुमचं, अन् एक भेव माह्या मनचं. आता भेत नाई. हा माह्या पोटचा आहे. तांडा कामासाठी पुसदेकडं चालला होता, तवा रस्त्यात बंडीखाली झाला. दुसऱ्या दिवशी याले कमरेले बांधून मी पुढं चालली. तवापासून थो चालूनच राह्यला. आता बोटीत चालतो म्हणते, तर चालू द्या. लिहा."

फौजदारांनी लिहिलं. मग ते कायमच्या पत्त्याशी थांबले. तांड्याचं नाव त्यांच्या गावांच्या यादीत नव्हतं, म्हणून ते बोरी अरब लिहायला लागले. तेवढ्यात धावजी नायक काठी टेकत टेबलाजवळ आला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला.

"बोरी अरबले आमी बाजाराले जातो साहेब. राह्यतो तांड्यात. त्या देशाच्या सरकारले बी कळलं पाह्यजे, मानूस कुठचा आहे थे."

फौजदार जरा हसले आणि त्यांनी पुरा पत्ता लिहिला, धावजी नायकाचा तांडा, बोरी अरब, तालुका दारव्हा. नायकानं ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. लालीबाईनं अंगठा उमटवला. परतताना ती बंडीत बसून बोटाला लागलेली निळी शाई फेटियाला पुसायची टाळत होती, आणि जमनीनं पुसायला फडकं दिलं तर तिनं ते बाजूला ठेवलं.

पासपोर्ट ज्येष्ठात आला. आता हाताशी दिवस थोडे होते. शेठनं मुंबईला तार केली आणि बोटीत जागा मिळाली. त्या बोटीचं नाव होतं कारंजा.

इथे एक गंमत झाली. आमच्याकडे कारंजा म्हणजे कापसाच्या बाजाराचं गाव, दारव्ह्याहून छोट्या गाडीनं जायचं. देवसिंग तांड्यात पोचायच्या आधी त्याची बातमी पोचली, आणि तांड्यात असं पसरलं की देवसिंग कारंजालाच चालला. धावजी नायक भडकला. कारंजाले जायले पासपोर्ट कायले पाह्यजे, मी तर दरसाल जातो, असं तो म्हणत होता. देवसिंगनं सगळा उलगडा केल्यावर लिंबाखाली हसण्याचा एकच कल्लोळ झाला. लालीबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतर ती शेजारणींना सांगत सुटली, माझा मुलगा कारंजात बसून आफ्रिकेला चालला.

जायच्या दिवशी दारव्ह्याच्या स्टेशनावर जिनातले लोक, शेठ, उकंडा आणि अर्धा तांडा जमला. आमची छोटी गाडी तशीही निवांत, त्या दिवशी ती आणखीच उशिरा सुटली, कारण गार्डही हे पाहत उभा होता. तांड्यात मुलगी सासरी जाताना बायका तिच्या गळ्यात पडून ढावलो म्हणतात, रडत रडत गायचं ते गाणं असतं. चंदाबाईनं देवसिंगच्या गळ्यात हात टाकून ढावलोच सुरू केला. पुरुषासाठी ढावलो कोणी ऐकला नव्हता. एकीला हसू आलं, मग दुसरीला, आणि शेवटी बायका रडत आणि हसत एकदमच गायला लागल्या. देवसिंग लाजून लाल झाला.

लालीबाईनं गाणं म्हटलं नाही. तिनं त्याच्या मनगटाला काळा दोरा बांधला, गाठ नीट पाहिली आणि म्हणाली, "जाय. तिकडच्या लोकायले नीट शिकवजो. रागावू नको त्यायच्यावर."

जमनीनं गाडी हलल्यावर खिडकीचा गज धरला आणि प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत ती सोबत चालत गेली. "माह्या अर्ज," ती एवढंच म्हणाली. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत बसेपर्यंत देवसिंगच्या कानात तेच दोन शब्द होते.

मुंबईला त्याला टोचण्या झाल्या, दंड सुजला, आणि त्याच दंडानं ट्रंक उचलून तो बोटीवर चढला. पहिले तीन दिवस त्यानं समुद्राकडे पाहिलंच नाही, नुसता पडून होता. चौथ्या दिवशी ओकाऱ्या थांबल्या. मग तो इंजिनाच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहायला लागला. आतल्या खलाशांनी त्याला एकदा खाली नेऊन सगळं दाखवलं. इंजिन केवढं होतं म्हणता, फुलचंदशेठचं अख्खं जिन त्यात बसलं असतं, आणि तेलाचा वास मात्र अगदी तोच. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

युगांडाला समुद्र नाही, म्हणून तिकडे जाणारेही शेजारच्या केनियातल्या मोंबासाला उतरून पुढे रेल्वेनं जायचे; तिथल्या बंदरात परमिट तपासायची लांब रांग होती. टेबलामागे गोरा अधिकारी आणि त्याच्या शेजारी काळा कारकून बसला होता. बोटीवरचे दिवस देवसिंगनं उत्तरं पाठ करण्यात घालवले होते. अधिकाऱ्यानं परमिट उलगडलं, तारीख पाहिली, त्याच्याकडे पाहिलं आणि काम काय म्हणून विचारलं.

"जिनिंग फिटर, सर," देवसिंग म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की मागचे लोक हसले. कारकूनही हसला, आणि त्यानं पासपोर्टवर दोन ठसठशीत शिक्के मारले. देवसिंग बाहेर आला आणि ट्रंकेवर बसून ते शिक्के वाळेपर्यंत पाहत राहिला. चार वर्षं युगांडात राहायचं, काम करायचं, आणि कोणी हटकलं तर हे दाखवायचं. उभं राहून नाचावं असं त्याला वाटलं. आजूबाजूला बरीच माणसं होती म्हणून त्यानं नुसताच पाय आपटला.

घनश्यामभाईंचं जिन युगांडात म्बाले नावाच्या गावाजवळ होतं. पाठीमागे ढगांत गेलेला डोंगर. देवसिंग पोचला तेव्हा हंगामाला अवकाश होता, त्यानं एकेक रेचा खोलायला घेतला. हाताखाली तिथलेच तरुण होते. त्यांतला एक, ओकेलो नावाचा, पहिल्याच आठवड्यात रोलर बसवायला शिकला, आणि बदल्यात त्यानं देवसिंगला पान्याला, तेलाला आणि भुकेला तिथल्या बोलीत काय म्हणतात ते शिकवलं. हंगाम सुरू झाला त्या सकाळी भोंगा झाला, सगळे रेचे एका दमात चालू झाले आणि पांढरी रुई पुढे सरकायला लागली. ओकेलोनं ओरडून काहीतरी म्हटलं. देवसिंगला शब्द कळला नाही, पण त्यानंही तसंच ओरडून उत्तर दिलं.

जमनीचा अर्ज त्यानं पोचल्याच्या महिन्यातच टाकला होता. मंजुरी यायला वर्ष लागलं. तोवर डोंगरसिंगचं लग्न होऊन घरात सून आली होती, त्यामुळे लालीबाई एकटी पडली नाही. जमनीला निरोप देताना ती म्हणाली म्हणे, तू गेल्याशिवाय तो नीट जेवणार नाही, आता तरी जा एकदाची.

म्बालेच्या स्टेशनावर जमनी उतरली तेव्हा तिच्या फेटियाचे आरसे उन्हात लखलखत होते आणि प्लॅटफॉर्मवरचा प्रत्येक माणूस वळून पाहत होता. देवसिंगनं घर झाडून, भाताचं पातेलं चढवून ठेवलं होतं. पण ट्रंक खाली ठेवल्याबरोबर ती म्हणाली, आधी इथली पऱ्हाटी दाखव.

घरामागे लगेच वावर होतं. बोंडं फुटली होती आणि गावातल्या बायका वेचत होत्या. जमनी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं फेटिया खोचला, सरळ ओळीत शिरली आणि दोन्ही हातांनी वेचायला लागली. पलीकडच्या ओळीतली एक उंच बाई थांबली, तिनं जमनीच्या बांगड्यांकडे बोट दाखवून काही विचारलं. जमनीनं तिला आपल्या गोर बोलीत लांबलचक उत्तर दिलं. दोघींनाही एकमेकींचं अक्षरही कळलं नाही. दोघी हसल्या, आणि त्या बाईनं आपली टोपली सरकवून जमनीसाठी जागा केली.